सोलार इन्व्हर्टर भर दुपारी बंद पडतो? रिसेटच्या आधी आणि नंतर काय बघायचं

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते ठरवा. हे सगळं बिनबॅटरीच्या, महावितरणच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेल्या, म्हणजे ऑनग्रिड संचाबद्दल आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत गच्चीवरच्या सोलारसाठीची पीएम सूर्यघर योजना आली. तेव्हापासून जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड भागात मी जे संच बघतो ते बहुतेक याच जातीचे आहेत: ३ किलोवॉट, गच्चीवर पाच-सहा पॅनेल, खाली किंवा जिन्यात भिंतीवर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा.

लक्षणं

– अकरा ते तीनच्या दरम्यान, ऊन डोक्यावर आलं की लाल दिवा लागतो आणि इन्व्हर्टर बंद पडतो. काही मिनिटांनी आपणहून चालू होतो, पुन्हा पडतो. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ किंवा ‘एसी व्होल्टेज आउट ऑफ रेंज’ अशा अर्थाचं काहीतरी. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त हीच.

– पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आयसोलेशन लो’ किंवा ‘पीव्ही आयसो’. दहा-अकराला ऊन तापलं की सगळं ठीक.

– घरात लाइट आहे, पण इन्व्हर्टर म्हणतो ‘नो ग्रिड’.

– भर दिवसा पडदा पूर्ण काळा, एकही दिवा नाही.

– दिवा हिरवा, पण रोजची युनिटं घटलीत.

– इन्व्हर्टर चालू, मोबाइलवरचं ॲप मात्र ‘ऑफलाइन’ दाखवतं.

दोन गोष्टी बिघाड नाहीत, तरी त्यांचे फोन येतात. रात्री पडदा काळा होतो, कारण बहुतेक इन्व्हर्टर पॅनेलच्याच विजेवर जागे राहतात. आणि लाइट गेली की सोलारही बंद होतो, कितीही ऊन असलं तरी. तो मुद्दाम तसा केलेला असतो. खांबावर लाइनमन तार जोडत असताना तुमच्या गच्चीवरून वीज उलटी त्याच्या हातात जाऊ नये म्हणून. लाइट आल्यावरही इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. एक ते पाच मिनिटं लाइन तपासतो, पडद्यावर उलटी गिनती चालते. त्या वेळात बटणं दाबू नका.

रिसेटच्या आधी मोबाइल काढा

पडद्याचा फोटो घ्या. त्यात एरर कोड, वेळ आणि एसी व्होल्टेजचा आकडा यायला हवा. पडद्यावर आकडे पाळीपाळीने बदलत असतील तर थोडा व्हिडिओ काढा. पडदाच नसेल तर ॲपमध्ये हेच सगळं मिळतं.

हे एवढ्यासाठी, की रिसेटने बिघाड जात नाही, फक्त त्याचा पुरावा जातो. इन्व्हर्टर स्वतः खराब असणं तसं कमी वेळा घडतं. बहुतेक वेळा तो बाहेरची गडबड बघून बाजूला झालेला असतो: लाइनमधली, वायरमधली, गच्चीवरच्या केबलमधली. लोक रोज दुपारी त्याला बंद-चालू करतात, तो थोडा वेळ चालतो आणि ‘झालं दुरुस्त’ असं वाटतं. महिन्याच्या शेवटी बिल आलं की कळतं, निम्मं ऊन वाया गेलंय. पुढे महावितरणकडे जा नाहीतर सोलारवाल्याकडे, पहिला प्रश्न येतो, ‘व्होल्टेज किती होतं?’ त्याला उत्तर म्हणून हा फोटो.

फुकटातली तपासणी

घरात तीन फेजचं कनेक्शन असेल आणि इन्व्हर्टर सिंगल फेज असेल, तर तो तिन्हीपैकी एकाच फेजवर बसलेला असतो. तेवढा फेज गेला तर पंखे, फ्रिज चालू दिसतात आणि इन्व्हर्टर मात्र ‘नो ग्रिड’ म्हणतो. खोट्या वाटणाऱ्या ‘नो ग्रिड’चं कारण बऱ्याचदा एवढंच निघतं. मीटरजवळ फेजचे तीन दिवे बघा. एक विझलेला असेल तर १९१२ वर तक्रार, सोलारवाल्याला बोलवायची गरज नाही.

तिन्ही फेज आहेत? मग एसी डीबी, म्हणजे इन्व्हर्टर आणि मीटरच्या मधला डबा बघा. त्यातला एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, खाली पडलाय का? एकदा वर करून बघायला हरकत नाही. दुसऱ्यांदा पडला तर तिथेच थांबा. पडणारा एमसीबी बोटाने दाबून धरणारे मी बघितलेत, हे कधीही करू नका.

एमसीबी नेमका दुपारीच पडत असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. एमसीबीचा अँपिअर ३० अंश तापमानाला ठरवलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हातल्या बंद डब्यात, आपल्याकडच्या मे महिन्यात आतलं तापमान साठाजवळ जाऊ शकतं, आणि तिथे तोच एमसीबी कमी करंटला पडतो. ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर पूर्ण जोरात साधारण १३ अँपिअर सोडतो. त्याला १६ चा एमसीबी लावला असेल तर कागदावर बरोबर आहे, पण उन्हाळ्यात तो दमतो. डब्यावर सावली करा. एमसीबी बदलायचा का आणि कितीचा घालायचा हे वायरच्या जाडीवर ठरतं, म्हणून ते वायरमनने सांगायचं. नुसता मोठा एमसीबी घातला तर एमसीबीऐवजी वायर जळेल.

त्याच डब्यात आणि डीसी डीबीमध्ये, म्हणजे पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या मधल्या डब्यात, एसपीडी असतो, विजेच्या कडकडाटात येणारा झटका स्वतःवर घेणारा. त्याला छोटी खिडकी असते: हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे निकामी झालेला. एप्रिल-मेचा वळीव ढगांच्या गडगडाटासह पडून गेला की दुसऱ्या दिवशी ही खिडकी बघायची सवय लावा. लाल एसपीडीवरही संच चालत राहतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पुढच्या कडकडाटाला मात्र इन्व्हर्टर उघडा पडलेला असतो.

ॲप ऑफलाइनचं लगेच सांगून टाकतो. राउटर बदलला किंवा वायफायचा पासवर्ड बदलला, हे नेहमीचं कारण. बहुतेक डाँगल, म्हणजे इन्व्हर्टरला खोचलेले वायफायचे तुकडे, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय ओळखतात, ५ चं नाही. इन्व्हर्टर हिरवा असेल तर युनिटं बनतच असतात, घाबरायचं कारण नाही.

रिसेट, नीट

घाईत लोक क्रम चुकवतात, आणि इथे क्रमालाच महत्त्व आहे.

पहिल्यांदा एसी बंद: एसी डीबीतला एमसीबी खाली. इन्व्हर्टरने वीज सोडणं थांबवलं की मग डीसी बंद: इन्व्हर्टरच्या खालच्या बाजूचा फिरवायचा स्विच, नाहीतर डीसी डीबीतला. पडदा काळा होईल. आता किमान दहा मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. लगेच चालू केलं तर तो खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो. चालू करताना बऱ्याच कंपन्या आधी डीसी, मग एसी सांगतात, काही उलट. तुमच्या इन्व्हर्टरच्या बाजूला चिकटवलेला कागद बघा आणि तोच खरा माना.

बंद करताना एसी आधी का? एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच उघडला की ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नाही. सहा पॅनेल ओळीने जोडली की सकाळच्या गारव्यात ३०० व्होल्टच्या आसपास डीसी उभी राहते. करंट चालू असताना ती तोडली तर ठिणगी विझत नाही, ताणली जाते, आणि स्विचचे संपर्क जळतात. याच कारणाने गच्चीवरचे, पॅनेलच्या केबल जोडणारे एमसी४ कनेक्टर उन्हात हाताने ओढून काढायचे नाहीत. आणि सगळे स्विच बंद केले तरी दिवसा पॅनेलपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच असते. ऊन बंद करायचा स्विच नसतो.

रिसेटनंतर दोन-तीन दिवस नीट चालला तर तो एखाद्या वेळचा झटका होता, विसरून जा. दुसऱ्याच दिवशी त्याच वेळेला पडला तर पुन्हा रिसेट करू नका. पुढे वाचा.

हिरवा दिवा, कमी युनिटं

निरभ्र दिवशी ३ किलोवॉटच्या संचाने १२ युनिटांच्या आसपास द्यायला हवीत, म्हणजे किलोवॉटला चार. पावसाळ्यात हा हिशेब लावू नका. फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ दिवसात नऊवर आलं असेल तर शोधायला हवं.

धूळ आधी. आपल्याकडे हवा कोरडी, पाऊस कमी, त्यात शेजारी बांधकाम चालू असेल तर पंधरा दिवसांत पॅनेलवर पीठ सांडल्यासारखा थर बसतो. धुवायचं सकाळी लवकर, पॅनेल गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. मऊ ब्रश किंवा फडका, साबणाची पावडर नको, पॅनेलवर पाय तर अजिबात नको. पाणी कुठलं हे सोलापुरात मुद्द्याचं. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून लोक बोअरचं वापरतात, आणि बोअरच्या जड पाण्याने काचेवर क्षाराचे पांढरे डाग पडतात. ते धुळीपेक्षा वाईट, कारण घासल्याशिवाय निघत नाहीत. आरओचं टाकाऊ पाणी वापरायची कल्पना तर त्याहून वाईट, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. उजनीचं नळाचं बादलीभर पाणी बाजूला ठेवा, तेवढं पुरतं. पडद्यावर आयसोलेशनचा एरर असेल त्या दिवशी मात्र पॅनेल धुवायला जायचंच नाही. त्याचं कारण पुढे येतं.

मग सावली. सकाळी नऊला, दुपारी बाराला, चारला असं तीन वेळा वर जाऊन बघा. नवीन बसवलेली पाण्याची टाकी, डिशची छत्री, शेजाऱ्याचा चढलेला मजला, वाढलेलं कडुनिंब. पॅनेल ओळीने जोडलेली असल्याने एका पॅनेलवरची सावली सगळ्या ओळीला नडते.

आणि ऊन वाढलं म्हणून युनिटं वाढतात हा समज सोडा. पॅनेलवर लिहिलेले ५४० वॉट हे पॅनेल २५ अंशाला असतानाचे आहेत. मे महिन्यात हवा ४३ अंश असते तेव्हा पॅनेल ६५ ते ७० पर्यंत जातं, आणि दर अंशामागे अंदाजे ०.३५ टक्के ताकद घटते. म्हणजे १४ ते १६ टक्के तिथेच गेले. त्यामुळे भर दुपारी ३.२४ किलोवॉटच्या पॅनेलमधून अडीच-पावणेतीन किलोवॉट दिसणं हे ठणठणीत संचाचं लक्षण आहे.

इन्व्हर्टरही तापतो. हवा ४५ अंशाच्या वर गेली की बरेच इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला उत्पादन कमी करतात. ॲपमधल्या आलेखात डोंगराचा माथा कापल्यासारखा सपाट दिसतो. इन्व्हर्टर पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर किंवा कपाटात कोंडलेला असेल तर हे होणारच. भोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, पंखा असेल तर त्याची जाळी कोरड्या ब्रशने झाडा, ऊन थेट पडत असेल तर वर छप्पर घाला. ओलं पोतं टाकू नका. हसू नका, टाकतात.

ओव्हर व्होल्टेज

आता मूळ दुखणं. आपलं घरगुती व्होल्टेज २३० मानलेलं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं की सोलार इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाइनपासून सुटायचं असतं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. इन्व्हर्टर बंद पडतो तो हा नियम पाळतो म्हणून.

मग व्होल्टेज चढतं कशाने? डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करतो. तीन फेजमधले ४३३ म्हणजे एका फेजला २५०. लोड येईल तसं ते उतरत उतरत घरापर्यंत २३०-२३५ होतं. पण लोडच नसेल तर? डीपीच्या जवळ घर असेल आणि दुपारी आळीतले लोक कामावर असतील, तर घरात २४५-२४८ सहज दिसतं. शहराच्या पूर्व भागात ज्या डीपीवर यंत्रमाग आहेत तिथे तर मागांच्या सुट्टीच्या दिवशी हे स्पष्ट कळतं. इतर दिवशी बिनतक्रार चालणारा इन्व्हर्टर तेवढ्या दिवशी दुपारभर पडत राहतो.

यावर तुमचा सोलार आणखी भर घालतो. नळाच्या लाइनमध्ये उलटं पाणी ढकलायचं तर आपला दाब लाइनच्या दाबापेक्षा थोडा जास्त लागतो, तसंच इथे. वायर जितकी लांब आणि बारीक, तितका जास्त दाब लागतो. हिशेब सोपा आहे. गच्चीवरून मीटरपर्यंत ३० मीटर, जाऊन-येऊन ६० मीटर वायर. ती २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर १३ अँपिअरला जवळजवळ ६ व्होल्ट चढतात. ४ ची असेल तर साडेतीन, १० ची असेल तर दीड. लाइनला आधीच २४८ असतील तर त्या ६ व्होल्टांनीच गाडी २५३ च्या पलीकडे जाते. दोष निम्मा लाइनचा, निम्मा वायरचा, आणि महावितरण व सोलारवाला एकमेकांकडे बोट दाखवतात.

म्हणून कुणाचा वाटा किती हे आपणच काढायचं. कुठलाही डबा न उघडता होणारी चाचणी अशी:

निरभ्र दिवस, दुपारी साधारण साडेबारा. इन्व्हर्टर पूर्ण जोरात चालू असताना पडद्यावरचं एसी व्होल्टेज आणि किलोवॉट लिहून घ्या. मग ॲपमधून इन्व्हर्टर थांबवता येत असेल तर थांबवा. नसेल तर फक्त डीसी स्विच फिरवा, पण आधी एसी बंद, मग डीसी बंद, मग एसी पुन्हा चालू या क्रमाने. काही इन्व्हर्टर नुसत्या एसीवरही पडदा जागा ठेवतात आणि व्होल्टेज दाखवतात. तुमचा दाखवत नसेल तर घरातल्या बोर्डावरचा डिजिटल व्होल्टमीटर किंवा प्लगमध्ये खोचायचा दोन-अडीचशे रुपयांचा मीटर वापरा. दोन्ही वाचनं मात्र एकाच मीटरची, एकाच जागची हवीत, म्हणजे मीटर आधीच खोचून ठेवा. तो सॉकेट एसी डीबीजवळचा आणि इन्व्हर्टरच्याच फेजवरचा असेल तर उत्तम. हेच सलग तीन-चार दिवस करा.

बंद असताना २३३ आणि चालू असताना २५४? मग लाइन ठीक आहे, २१ व्होल्ट तुमच्या वायरमध्ये किंवा खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या सर्व्हिस केबलमध्ये चढतायत. इतके व्होल्ट नुसत्या लांबीने चढत नाहीत. कुठेतरी जॉइंट ढिला आहे किंवा कार्बन धरलाय. तिथे उष्णता तयार होत असते. हे प्रकरण युनिटांपुरतं नाही, आग लागू शकते. त्याच दिवशी संच बंद ठेवून वायरमन बोलवा.

बंद असतानाच २४९ आणि चालू केल्यावर २५४? मग लाइनच चढी आहे. वायर जाड करून थोडं सुधारेल, पण मुळात महावितरणकडे जायचं काम आहे.

दोन्ही थोडं थोडं असेल, २४३ आणि २५४ असं, तर आधी वायर. ती आपल्या हातातली आहे. सोलारची वायर थेट मीटरजवळ आणण्याऐवजी वरच्या मजल्यावरच्या जुन्या बोर्डात खोचलेली बऱ्याच घरांत सापडते. घराच्या जुन्या वायरिंगमधून सगळी वीज बाहेर ढकलायची म्हटल्यावर व्होल्टेज चढणारच. वेगळी, जाड वायर मीटरपर्यंत टाकली की अनेकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

वायर बदलेपर्यंत, किंवा महावितरणचा माणूस येईपर्यंत, बिनखर्ची उपाय एकच: दुपारी घरातच वीज वापरा. बोअरची मोटर, वॉशिंग मशीन, घरघंटी, इस्त्री हे सकाळ-संध्याकाळऐवजी बारा ते दोनमध्ये. जेवढं घरात खर्च होईल तेवढं बाहेर ढकलायचं कमी, तेवढं व्होल्टेज कमी चढतं. तीन फेजच्या घरात उपकरण इन्व्हर्टरच्याच फेजवर हवं, नाहीतर फरक पडणार नाही. आणि तिन्ही फेजची व्होल्टेजं वेगवेगळी असतील तर इन्व्हर्टर सगळ्यात कमी व्होल्टेजच्या फेजवर हलवणं हा उत्तम आणि स्वस्त इलाज. परवानाधारक वायरमनला अर्ध्या तासाचं काम, मीटरच्या सीलला हात न लावता.

एक मागणी हमखास होते: ‘अहो, इन्व्हर्टरमध्ये लिमिट वाढवून २७० करून टाका ना.’ सेटिंगमध्ये ते जमतंही. मी करत नाही. एक तर नियमाबाहेर. दुसरं, इन्व्हर्टर २६५ ला चालू राहील, पण तेच २६५ तुमच्या फ्रिजला, टीव्हीला आणि शेजाऱ्याच्या घरालाही मिळतील. फक्त एक बघून घ्या, इन्व्हर्टरमध्ये देश भारत निवडलेला आहे का. दुसऱ्या देशाचं सेटिंग राहून गेलेलं असेल तर मर्यादा चुकीच्या असतात. ती दुरुस्ती बसवणाऱ्याने पासवर्ड टाकून करायची.

पावसानंतरचा आयसोलेशन एरर

इथे तुमचं काम फक्त बघण्याचं, तेही लांबून. डीसी केबलचं आवरण कुठेतरी फाटलंय किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय, आणि वीज ओल्या स्लॅबमधून किंवा लोखंडी सांगाड्यातून जमिनीत झिरपते आहे. रोज सकाळी सुरू होण्याआधी इन्व्हर्टर हेच मोजतो, आणि कमी भरलं तर सुरूच होत नाही. वाळल्यावर चालतो म्हणून लोक वर्षभर दुर्लक्ष करतात. पण एरर असताना पॅनेलच्या फ्रेममध्ये वीज उतरलेली असू शकते. त्या वेळी सांगाड्याला हात लावायचा नाही, पॅनेल धुवायचं नाही, मुलांना गच्चीवर सोडायचं नाही.

लांबून काय दिसतं ते सांगतो: स्लॅबवर लोळणारे, पाण्याच्या डबक्यात बसलेले कनेक्टर. उन्हाने तुटलेले प्लॅस्टिकचे टाय आणि लोंबकळणारी केबल. खारीने किंवा उंदराने कुरतडलेलं आवरण. पॅनेलखाली पारव्यांची घरटी. फोटो काढून बसवणाऱ्याला पाठवा. तो मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, एकेक ओळ तपासून जागा शोधेल. कनेक्टर बदलताना दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या घ्यायला लावा. दिसायला सारखे आणि एकमेकांत बसणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर आतून नीट घट्ट बसत नाहीत, तिथेच पाणी शिरतं आणि तिथेच जळतं.

अर्थिंग आणि न्यूट्रल

उन्हाळ्यात जमीन भेगाळली की अर्थिंगचा खड्डाही वाळतो, आणि काही इन्व्हर्टर ‘ग्राउंड फॉल्ट’ किंवा ‘पीई’ असा एरर देतात. मार्चपासून पावसापर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात घाला. फरक पडला नाही तर वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. ५ ओहमच्या आत हवं.

न्यूट्रल ढिला असण्याची खूण वेगळी. घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होतात, पंख्यांचा वेग बदलतो, इन्व्हर्टर कधी ओव्हर तर कधी अंडर व्होल्टेज दाखवतो. यात एक मिनिटही तपासत बसायचं नाही. मेन स्विच बंद, मग १९१२. न्यूट्रल पूर्ण तुटला तर २३० च्या उपकरणाला ४०० पर्यंत व्होल्टेज मिळू शकतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

जळका वास, इन्व्हर्टरमधून चरचर, डब्यावर काळा डाग, वितळलेली वायर, इन्व्हर्टरमध्ये शिरलेलं पाणी, दुसऱ्यांदा पडलेला एमसीबी: यातलं काहीही असलं तर शक्य असेल तर एसी बंद, मग डीसी बंद, आणि लांब व्हा. डीसी स्विचच जळत असेल तर त्याला हात लावू नका. दिवसा पाणी मारू नका, पॅनेल जिवंत असतात. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करताना ‘गच्चीवर सोलार आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

इन्व्हर्टरचं झाकण कुणीही उघडायचं नाही, ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानेही नाही. आतली वीज स्विच बंद केल्यावरही काही मिनिटं मारू शकते, आणि सील तुटलं की वॉरंटी गेली. दिवसा पडदा काळा आहे, डीसी स्विच चालू आहे, रिसेट नीट केलाय, तरी दिवा लागत नाही, तर ते कंपनीच्या सर्व्हिसचं काम. योजनेतून बसवलेल्या संचाची पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडेच असते. ‘व्हिजिटचे पैसे द्या’ म्हणाला तर करारपत्र काढून दाखवा.

महावितरणकडे व्होल्टेजची तक्रार तोंडी करू नका. ‘सोलार बंद पडतो’ असं लिहिलंत तर ‘तुमच्या सोलारवाल्याला विचारा’ असं उत्तर येतं. ‘दुपारी व्होल्टेज जास्त येतं’ असं लिहा. तारीख, वेळ, सोलार बंद असताना किती, चालू असताना किती, असे तीन-चार दिवसांचे आकडे फोटोंसह जोडा आणि ग्राहक क्रमांक टाका. सोलार बंद असतानाचा आकडा सगळ्यात वर, कारण त्याला तुमच्या इन्व्हर्टरचा दोष म्हणता येत नाही. तक्रार नोंदवल्याचा क्रमांक घ्या. पुढे सर्व्हिस केबल बदलणं, डीपीवरचे फेज समतोल करणं किंवा ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप असेल तर तो एक पायरी खाली आणणं, हे त्यांच्या हातात आहे. टॅप बदलायला डीपी बंद करावी लागते, म्हणून ते लगेच होईल अशी आशा धरू नका. डीपीवर आणखी कुणाचा सोलार पडत असेल तर त्यांच्या आकड्यांसकट एकत्र अर्ज द्या.

सोलारवाला आला तर निघण्याआधी त्याच्याकडून चार आकडे लिहून घ्या: ओळीचं डीसी व्होल्टेज, इन्सुलेशनचं मेगरचं वाचन, आणि पूर्ण उन्हात इन्व्हर्टरजवळचं व मीटरजवळचं एसी व्होल्टेज. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक दोन-तीन व्होल्टांच्या आत असेल तर घरातल्या वायरवर पैसे घालू नका.